स्कायलाइन जीटी-आर आर32: चारही चाकांचा जोर

इंजिन कितीही दमदार असो, रस्ता पकडतो तो टायर. 1989 च्या निसान स्कायलाइन जीटी-आर आर32 मध्ये 2.6 लिटरचं, दोन टर्बोंचं इंजिन आहे. ती सगळी ताकद फक्त मागच्या चाकांवर टाकली, तर ओल्या वळणातून निघताना ॲक्सिलरेटर जरा जास्त दाबला की गाडीची मागची बाजू बाहेर सुटते.

इथे अटेसा ई-टीएस, म्हणजे गरज पडली की चारही चाकांना जोर देणारी निसानची ऑल-व्हील ड्राइव्ह यंत्रणा, कामाला येते, आणि ती खरोखर सुंदर आहे. एरवी गाडी मागच्या चाकांवरच चालते, म्हणून स्टीअरिंग नेमकं राहतं. मागची चाकं पुढच्यांपेक्षा जोरात फिरू लागली की ट्रान्सफर केसमधल्या, म्हणजे पुढच्या चाकांकडे जोर वळवणाऱ्या पेटीतल्या, क्लच प्लेट्स तेलाच्या दाबाने आवळतात आणि टॉर्क (चाक फिरवणारा जोर) पुढे जातो, जास्तीत जास्त निम्मा.

एक पथ्य कडक पाळा: चारही टायर एकाच मापाचे, सारखेच झिजलेले हवेत. पुढचे दोनच नवे घातले तर मागचे व्यासाने लहान पडतात, जास्त फिरतात. यंत्रणेला ती घसरण वाटते, क्लच विनाकारण आवळत राहतो आणि तापतो.

ब्रेक मारताना मात्र ऑल-व्हील ड्राइव्हने थांबायचं अंतर कमी होत नाही.