तुम्ही विचारलंत म्हणून : डॉक्टर नाही, नर्स नाही, मग शिकलात काय?

"ताई, फिजिओथेरपीचं बीपीटीएच झालंय. पुढे हॉस्पिटल अॅडमिनिस्ट्रेशनचं एमएचए करू का? त्यात शिकवतात तरी काय?" महिन्याकाठी असे एक-दोन मेसेज येतातच. कोल्हापूरच्या आत्याचा प्रश्न याहून थेट असतो. "डॉक्टर न्हाईस, नर्स न्हाईस, मग एवढ्या मोठ्या दवाखान्यात तू करतीस काय?" तिला मी दर वेळी "ऑफिसातलं काम गं" म्हणून वाटेला लावते. आज जरा नीट सांगते.

मी आधी फिजिओथेरपिस्ट. लोकांचे गुडघे वाकवून घेण्यात दोन वर्षं काढली आणि मग हॉस्पिटल अॅडमिनिस्ट्रेशनच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला गेले. चार सेमिस्टर, मध्ये प्रोजेक्ट, शेवटी इंटर्नशिप. (एमबीबीएस झालेल्यांना याच विषयात एमडी करता येतं, पुण्यात लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात, एएफएमसीत, ते आहे. ती वाट वेगळी.) विषयांची यादी कुठल्याही माहितीपत्रकात मिळेल. त्यातले काही पेपर निव्वळ घोकंपट्टीचे. माणसाच्या गरजांची उतरंड दाखवणारा मास्लोचा पिरॅमिड मी चार वेळा काढला आणि नोकरीत एकदाही लागला नाही.

लागला तो ऑपरेशन्सच्या (शस्त्रक्रिया नव्हे, रोजच्या कामकाजाचं नियोजन) तासाला फळ्यावर आलेला एका ओळीचा नियम. जॉन लिटल या अमेरिकी संशोधकाने 1961 मध्ये त्याची सिद्धता दिली. आत असलेली माणसं म्हणजे येणाऱ्यांचा वेग गुणिले प्रत्येकाचा आतला सरासरी वेळ. सरांनी विचारलं, रोज 20 पेशंट अॅडमिट होतात, सरासरी 4 दिवस राहतात, तर किती खाटा भरलेल्या? 80. मुक्काम साडेतीन दिवसांवर आला तर? 70. "दहा खाटा मिळाल्या, आणि एक वीट लावली नाही," असं म्हणून सरांनी फळा पुसला. मला वाटलं, हा तर चौथीचा गुणाकार.

दुसऱ्या सेमिस्टरला प्रोजेक्ट मिळाला : डिस्चार्जला इतका वेळ का लागतो? हॉस्पिटलचं नाव घेत नाही. तीन आठवडे पॅड आणि स्टॉपवॉच घेऊन मी एका वॉर्डात उभी होते. सकाळच्या राउंडला मोठे डॉक्टर "आज घरी" म्हणतात. नातेवाईक तेवढ्यात सगळं आवरतात. चादर, थर्मास, ताट-वाटी पिशवीत, आजोबा इस्त्रीचा शर्ट घालून खाटेच्या कडेला. वेळ सव्वानऊ. आणि लिफ्टपाशी पोहोचायला दुपारचे साडेतीन. वॉर्डात विचारलं तर म्हणतात बिलिंगला विचारा, बिलिंगवाले टीपीएकडे (विमा कंपनीच्या वतीने दावे बघणारी संस्था) बोट दाखवतात, टीपीए डेस्क म्हणतो डॉक्टरांची डिस्चार्ज समरीच आलेली नाही.

मग मी पेशंट सोडून फाइलच्या मागे लागले. समरी लिहायची आरएमओने, म्हणजे निवासी डॉक्टरने, तो ऑपरेशन थिएटरात गेलेला. ती झाली की उरलेली औषधं फार्मसीत परत जायला हवीत, त्यांचे पैसे वजा झाल्याशिवाय बिल बंद होत नाही. एके दिवशी फाइल दीड तास दिसेचना. शेवटी नर्सिंग स्टेशनवरच सापडली, परतीच्या औषधांच्या ट्रेखाली. ट्रेमध्ये दोन सलाइन, चार सिरिंज, एक इंजेक्शनची व्हायल. ट्रे खाली नेणाऱ्या मावशी जेवायला गेलेल्या, आणि ते काम दुसऱ्या कुणाचं नव्हतं. माझ्या पॅडवर मी तोपर्यंत 'कर्मचाऱ्यांचा निष्काळजीपणा' असं ठसठशीत लिहून मोकळी झाले होते. इनचार्ज सिस्टरनी ते उलटं वाचलं. "अगं, एक मावशी आणि तीस पेशंट. ती काय उडत जाणार?" मी ती ओळ खोडली.

रात्री हॉस्टेलवर गुणाकार केला. रोज 20 जण घरी जाणार आणि प्रत्येक जण 6 तास उशिरा. म्हणजे 120 तास, म्हणजे 5 खाटा. त्या पाच खाटांवर बरी झालेली माणसं इस्त्रीचे शर्ट घालून बसलेली, आणि खाली कॅज्युअल्टीत कुणीतरी स्ट्रेचरवर 'बेड नाही' ऐकत पडलेलं. फळ्यावरचा नियम मला तिथे कळला.

मी सुचवलं, परतीची औषधं आदल्या संध्याकाळीच मोजा, समरीचा कच्चा मसुदा रात्रपाळीत तयार ठेवा. अहवाल स्पायरल बाइंडिंग करून दिला, तो कपाटात गेला. मार्क चांगले पडले. पुढे 2024 मध्ये विमा नियामकाने कंपन्यांना बजावलं की कॅशलेस डिस्चार्जची अंतिम मंजुरी 3 तासांत द्या. पण ते घड्याळ हॉस्पिटलची विनंती पोहोचल्यावर सुरू होतं. ट्रेखालच्या फाइलला त्याचा काय उपयोग?

औषधांच्या साठ्याचा पेपरही असाच. वर्षभराच्या खर्चानुसार ए, बी, सी आणि गरजेनुसार व्हायटल, इसेन्शिअल, डिझायरेबल अशा दोन चाळण्या एकत्र लावायच्या. महागडी अँटिबायोटिक्स 'ए'मध्ये, त्यांच्यावर खरेदी विभागाचा डोळा असतोच. जीव वाचवणारी ॲड्रेनलिनची अँप्यूल पैशाच्या हिशेबात 'सी', तळाला. तिच्याकडे कोण बघतो? ती नाही हे कळतं रात्री तीनला, क्रॅश कार्ट, म्हणजे तातडीच्या औषधांची गाडी, उघडल्यावर.

आणि कायद्याचा पेपर. त्यातलं एक कलम मी आता लग्नसमारंभातही सांगत फिरते, कारण लोक मला गाठतात ते यासाठीच. महाराष्ट्रात धर्मादाय ट्रस्टच्या हॉस्पिटलांना सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या 41 एए कलमाखाली 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. एकूण बिलांच्या 2 टक्के रक्कम त्यासाठी वेगळ्या निधीत जमा होते. उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड घेऊन सोशल वर्करला भेटायचं. या माहितीची पाटी लावलेली असते, पण ती झाडाच्या कुंडीमागे आहे की काउंटरवर, हे ठरवणारा माणूस माझ्याच कोर्समधून आलेला असतो.

आता, करू का? फी भरपूर, पहिला पगार अपेक्षेपेक्षा कमी, आणि सुरुवातीचे महिने बिलिंग काउंटरवर लोकांची बोलणी खाण्यात जातात. पेशंट बरा होताना बघण्याचं सुख सुटतं, मला ते अजून आठवतं. त्यापेक्षा फॉर्म भरण्याआधी एखाद्या हॉस्पिटलच्या डिस्चार्ज काउंटरसमोर अकरा ते तीन नुसते बसून या.

आत्याचा गुडघा गेल्या वर्षी बदलला. घरी सोडणार त्या दिवशी दुपारी एकला तिचा फोन. "सकाळधरनं नुसतं बसवून ठेवलंय बघ."

"उरलेली औषधं खाली फार्मसीत गेली का गं?"

"ती व्हय? हितंच हाईत की, माझ्या पायथ्याला."