माँटेनेग्रोचा बेत, एका पुलाभोवती

माँटेनेग्रोला जायचं म्हटलं की जो तो एकच सांगतो: कोतोरला मुक्काम करा, बुडव्याला समुद्रावर जा, स्वेती स्तेफानचा फोटो काढा आणि वेळ उरलाच तर एक दिवस डोंगरात फिरून या. मी नेमकं उलटं सांगेन. आधी डोंगर, मग समुद्र. आणि डोंगरातही आधी पूल.

पुलाचा हट्ट बाबांचा. सार्वजनिक बांधकाम खात्यातली त्यांची सगळी नोकरी कोकणातल्या नद्यांवर पूल बांधण्यात आणि दुरुस्त करण्यात गेली. २०१६ च्या ऑगस्टमध्ये महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल पुरात वाहून गेला, तेव्हा ते कधीच निवृत्त झाले होते, तरी दिवसभर टीव्हीसमोरून हलले नाहीत. जेवणाचं ताट तसंच. तर ताईकडे जर्मनीला जायचं ठरलं आणि मी विचारलं, "बाबा, तिथून आणखी कुठे जाऊ या?" तर लगेच उत्तर आलं, "तारा नदीवरचा पूल." कॉलेजात असताना कुठल्याशा पुस्तकात त्याचा फोटो पाहिला होता म्हणे. इतकी वर्षं आम्हाला पत्ता नव्हता.

मग उरलेला सगळा बेत त्या पुलाभोवती आखला. व्हिसाचं तेवढं नीट लक्षात घ्या. या देशात युरो चालतो, पण देश युरोपीय संघात नाही आणि शेंगेनमध्येही नाही (शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणारा युरोपातल्या देशांचा गट, जर्मनी त्यात येते). वैध शेंगेन व्हिसावर भारतीयांना तिथे ३० दिवसांपर्यंत राहता येतं, वेगळा व्हिसा लागत नाही. मात्र शेंगेन व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर माँटेनेग्रोतून परत जर्मनीत शिरता येणार नाही. तिकिटं काढण्याआधी व्हिसावरचा तो रकाना बघा.

देश केवढा, तर रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन जिल्हे मिळून जेवढे होतील जवळपास तेवढा. लोकसंख्या सव्वासहा लाखांच्या आसपास, म्हणजे एकट्या सिंधुदुर्गापेक्षाही कमी. त्यामुळे नकाशा पाहून वाटतं, सकाळी समुद्र आणि दुपारी बर्फाचे डोंगर सहज होतील. होतात, पण गाडीच्या काचेतूनच. आपल्या घाटांत राहिलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. राजधानी पोडगोरिकाहून झाब्ल्याकला जाताना रस्ता वळतो, चढतो, पुन्हा वळतो. पठारावर पोचलं की हवाच बदलते. झाब्ल्याक साधारण १,४५० मीटरवर आहे आणि मागे दुर्मितोरची शिखरं, त्यातलं बोबोतोव्ह कुक २,५२३ मीटरचं. आम्ही उतरलो त्या घरच्या बाईंनी दारातच बाबांच्या हातातली बॅग घेतली, आणि नको नको म्हणताना रात्री कचामाक वाढला. मक्याचं पीठ आणि बटाटा एकत्र घोटून त्यात चीज आणि साय. मांस नाही, मासे नाहीत. शाकाहारी माणसाला त्या थंडीत याहून जास्त काय हवं!

दुसऱ्या दिवशी टॅक्सी केली. पूल तिथून वीसेक किलोमीटरवर आहे. चालक साठीच्या पुढचे, इंग्रजी मोजकंच. बाबांनी छातीवर हात ठेवून "ब्रिज, इंजिनिअर" एवढंच सांगितलं, आणि त्यानंतर ते आम्हाला गिऱ्हाईक मानायलाच तयार नव्हते.

जुर्जेविचा तारा पूल १९३७ ते १९४० या काळात बांधला. पाच कमानी, लांबी ३६५ मीटर, आणि खाली नदी सुमारे १७२ मीटरवर. पूर्ण झाला तेव्हा वाहनांसाठीच्या काँक्रीटच्या कमानी पुलांत तो युरोपात सगळ्यात मोठा होता. बाबा पुलावर गेलेच नाहीत आधी. बाजूच्या उतारावरून कमानी बघत उभे राहिले आणि बोटाने हवेत त्या दरीतलं सेंटरिंग काढत राहिले: लाकडाचा सांगाडा कुठून उभा केला असेल, त्याला टेकू कुठे दिला असेल, काँक्रीट कुठल्या बाजूने ओतत आणलं असेल. मग पुलावर जाऊन कठड्यावरून तळवा फिरवला. मला म्हणाले, "अगं, हात लावून बघ, शटरिंगच्या फळ्यांचे ठसे आहेत." खरंच होते. फळीच्या रेषा बोटांना लागत होत्या.

चालक आम्हाला पुलाच्या टोकाशी असलेल्या स्मारकापाशी घेऊन गेले. लाझार याउकोविच हा या पुलावर काम केलेला इंजिनिअर. दुसऱ्या महायुद्धात इटालियन सैन्य इथे आलं, तेव्हा पूल शाबूत राहिला तर ते दरी ओलांडणार हे उघड होतं. १९४२ मध्ये पार्टिझनांनी, म्हणजे त्या सैन्याशी लढणाऱ्या स्थानिक गनिमी सैनिकांनी, पुलाची कमान उडवली, आणि ती उडवणाऱ्यांत याउकोविच होता. पुढे तो इटालियनांच्या हाती लागला आणि त्यांनी त्याला याच पुलावर ठार मारलं. १९४६ मध्ये पूल पुन्हा जोडला गेला.

चालकांनी हे अर्धं हातवाऱ्यांनी सांगितलं, उरलेलं मी नंतर वाचून काढलं. बाबांना हातवारे पुरले. बराच वेळ ते बोललेच नाहीत. मग म्हणाले, "कुठे सुरुंग लावला की बाकीचा पूल वाचेल, हे बांधणाऱ्यालाच कळणार." आणि थोड्या वेळाने, "पण माझ्याने झालं नसतं." मी बाबांना साइटवर ओरडताना पाहिलंय, ठेकेदाराशी भांडताना पाहिलंय. पुलावर डोळे पुसताना पहिल्यांदा पाहिलं.

राग आला तो तिथल्या गोंगाटाचा. दरीवरून झिपलाइन नेल्या आहेत, गिऱ्हाइकांना हाका मारणं चालूच असतं, आणि सहलीच्या बसमधून उतरलेली माणसं फोटो काढून, आइस्क्रीम घेऊन परत बसमध्ये. स्मारकासमोर आम्ही होतो तेवढ्या वेळात दुसरं कुणी थांबलं नाही. झिपलाइनला माझा विरोध नाही, पण मार्गदर्शकाने बसच्या दारात दोन वाक्यं सांगायला काय हरकत आहे? म्हणून म्हणते, समुद्राकाठून एका दिवसाची सहल घेऊन इथे येऊ नका. झाब्ल्याकला राहा, स्वतःच्या वेळेने या. चालकांनी थांबल्याचे पैसे घेतले नाहीत, वर कॉफी पाजली.

मग दुर्मितोरचं काळं तळं, ऑस्ट्रोगचा कड्यात खोदलेला मठ, लोव्चेनचा डोंगर, सगळं झालं. कोतोरला मात्र मी पुन्हा मुक्काम करणार नाही. सकाळी क्रूझ जहाज लागलं की तटबंदीच्या आतल्या गल्ल्यांत पाय ठेवायला जागा नसते, आणि किल्ल्याच्या १,३५० पायऱ्या बाबांच्या गुडघ्यांना झेपणाऱ्या नव्हत्या. त्यापेक्षा जवळचं पेरास्त गाव बरं. तिथून बोटीने गोस्पा ओद श्क्रप्येला या बेटावर जाता येतं. बेट माणसांनी केलेलं आहे. खलाशांनी शतकानुशतकं दगड टाकून आणि दगडांनी भरलेली जुनी जहाजं बुडवून ते समुद्रातून वर आणलं, आणि त्यावर चर्च बांधलं. बोटवाल्याला बाबांनी पहिला प्रश्न विचारला तो भरावाच्या खोलीचा.

अजूनही दर वर्षी २२ जुलैला संध्याकाळी गावातल्या होड्या एकमेकींना बांधून रांगेत निघतात आणि बेटाभोवती दगड सोडतात. तो दिवस आमचा चुकला. पुढच्या खेपेला तारीख आधी आणि विमान नंतर, असं बाबांनी पेरास्तच्या धक्क्यावरच सांगून टाकलं, आणि ताईने जुलैची रजा टाकलीसुद्धा.