काशीतला आजचा दिवस

आज आईला काशी विश्वनाथाचं दर्शन घडवलं. अहिल्याबाईंनी १७८० मध्ये उभारलेल्या देवळासमोर तिचे डोळे भरून आले. पण दिवसभर माझा जीव टांगणीला लागला होता, म्हणून मावशी, तुमचा ग्रुप इथे येण्याआधी तुला लिहितेय.

मंदिराजवळच्या गोदौलिया चौकात रिक्षातून उतरतो तोच एकजण मागे लागला, "माताजी, लाइन नहीं लगेगी." मंदिरात मोबाइल नेता येत नाही. त्याने दाखवलेल्या दुकानात लॉकर फुकट, पण प्रसादाची टोपली घेतल्याशिवाय लॉकर मिळेना. टोपलीचे सातशे रुपये! सुगम दर्शनाचं, म्हणजे पैसे भरून लवकर दर्शन घेण्याचं तिकीट मंदिर न्यासाच्या संकेतस्थळावर किंवा त्यांच्याच काउंटरवर काढा, गल्लीतल्या माणसाकडून नको.

मणिकर्णिका या स्मशानघाटावर जे झालं त्याने मात्र मन विटलं. एकाने आम्हाला जळत्या चितांजवळ उभं केलं आणि मरणाची वाट पाहणाऱ्या निराधार म्हाताऱ्यांच्या लाकडांसाठी पैसे मागितले. आईने लगेच पर्स उघडली. पाचशे दिले तर म्हणे, एवढ्यात काय होतं! पुण्य मिळेल असं सांगून घाबरवणं मला फार लागलं. तिथे शांतपणे हात जोडा आणि पुढे चला. चितांचे फोटो तर काढूच नका, तिथे कुणाचं तरी माणूस गेलेलं असतं.

पूर ओसरल्यावर घाटांच्या पायऱ्यांवर गाळ साचतो. आईचा पाय घसरला, साखळी धरली म्हणून वाचली. नावेत बसताना लाइफ जॅकेट मागून घ्या, भाडं आधी ठरवा.

मावशी, तुमचा ग्रुप निघण्याआधी मला फोन कर.