जिप्सीसाठी स्टेपनी कॅरिअर उद्यमनगरात बनवून घेतलं, त्याचा अनुभव

माझ्याकडं मारुतीची जिप्सी किंग आहे, सॉफ्ट टॉप म्हणजे कापडी छताची, आणि तिला मी 235/75 आर15 चे टायर घातलेत. कंपनीचा टायर 205/70 आर15, म्हणजे उंची साधारण 668 मिमी, हा नवा 733 च्या आसपास आणि रुंदीलाही 30 मिमी जास्त. स्टील रिमसकट काट्यावर ठेवला तर 27 किलो भरला. जिप्सीची स्टेपनी मागच्या दारावर असते आणि ते दार मूळ टायरचं वजन धरून बनवलंय, त्यात दाराचा काही दोष नाही, पण एवढा जड टायर त्याला टांगून दाजीपूरच्या बाजूला दगडाखड्ड्यातनं गाडी फिरवली की बिजागऱ्यांवर काय ताण येतोय ते हाताला कळतं, दार उचलून उघडायचं आणि उचलूनच लावायचं. असंच चालू ठेवलं की पुढं ब्रॅकेटच्या बोल्टाभोवती पत्र्याला बारीक चीर पडते. तिथवर जायच्या आधीच स्टेपनी दारावरनं हलवायची ठरवलं.

टपावर टाक असं बरेच जण सांगतात. सॉफ्ट टॉपला टपच नाही, आणि असता तरी 27 किलो डोक्याच्या वर चढवायचं, पावसात पंक्चर झालं की एकट्यानं खाली घ्यायचं, शिवाय तिरक्या उतारावर गाडी आधीच एका बाजूला कलंडत असताना वरचं वजन वाढवणं मला अजिबात पटत नाही. आत ठेवली तर माणसं बसणार कुठं आणि सामान जाणार कुठं. म्हणून मग मागं जाड बंपर, बंपरवर एका टोकाला स्पिंडल म्हणजे उभा दांडा, स्पिंडलवर फिरणारा आडवा हात आणि त्या हातावर टायर, हेच नक्की केलं. दार उघडायचं तर आधी हात बाजूला फिरवायचा. स्पिंडल दाराच्या बिजागऱ्या ज्या बाजूला त्याच बाजूला घ्यायचा, म्हणजे दोन्ही एकाच दिशेला उघडतात, नाहीतर प्रत्येक वेळी माणूस दार आणि टायरच्या मधे अडकतो.

कोल्हापुरात राहायचा फायदा हा की शिवाजी उद्यमनगर हाताशी आहे, लेथ, बेअरिंग, बार, पाइप, वेल्डर सगळं एका चकरेत मिळतं. एक लेथवाले मामा ओळखीचे होते, त्यांच्याकडं कागदावर काढलेलं चित्र घेऊन गेलो. मामांनी चित्र बघितलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "हे बंद असताना वजन कुठं बसतंय?" मी स्पिंडलवर बोट ठेवलं, आणि दुसऱ्या टोकाला लॅच, म्हणजे हात अडकवायची कडी, दाखवला. ते म्हणाले, "लॅच धरून ठेवतंय, पेलत नाही. त्या टोकाला खालनं टेकू दे, मग बेअरिंग आयुष्यभर टिकतील बघ."

सगळ्या कामाचा गाभा हाच आहे, म्हणून जरा हिशोब मांडतो. टायरचा मध्य स्पिंडलपासून साधारण 55 सेंमीवर येतो. 27 किलो गुणिले 0.55 म्हणजे जवळजवळ 15 किलोग्रॅम-मीटर वळवणारा जोर, तोही गाडी उभी असताना. खड्ड्यात आदळली की तो तिप्पट धरा, 45. आता दोन बेअरिंगमधलं अंतर 100 मिमी असेल तर एकेका बेअरिंगवर आडवा जोर येतो 450 किलोच्या घरात, आणि तोच जोर बंपरच्या पाइपला पिळतोय. पण दुसऱ्या टोकाला हात खालनं टेकला की टायर दोन आधारांच्या साधारण मधे येतो, निम्मं वजन इकडं निम्मं तिकडं, पिळवटणं जवळजवळ संपतं. स्पिंडलवर पूर्ण भार येतो तो फक्त हात उघडल्यावर, आणि तेव्हा गाडी उभी असते.

माल असा घेतला. बंपरला 100 बाय 50 चा 4 मिमी जाडीचा बॉक्स पाइप, मीटरला साधारण 9 किलो. हाताला 50 बाय 50 चा 3 मिमी, मीटरला सव्वाचार साडेचार किलो. अजून जाड घ्यायचा मोह होतो, पण गाडीच मुळात हजार किलोच्या आसपास, आणि मागच्या चाकांच्याही मागं लटकणारा प्रत्येक किलो पुढचं तोंड हलकं करतो. ताकद जाडीतनं न घेता त्रिकोणातनं घ्यावी, म्हणून हातावरच्या उभ्या खांबाला तिरका आधार दिला.

स्पिंडल ईएन-8 (मध्यम कार्बनचं पोलाद) च्या 40 मिमी बारमधनं काढला, खाली 30206 बेअरिंग, वर 30205, दोन्ही टेपर रोलर (निमुळत्या रोलरांची), एकमेकांच्या उलट तोंडं करून, जसं पुढच्या चाकाच्या हबमधे असतं. 30206 चा आतला व्यास 30 बाहेरचा 62, 30205 चा 25 आणि 52, त्या मापानं जाड सीमलेस पाइप आतनं बोर करून हाऊसिंग झालं. वर कॅसल नट (खाचांचा नट) आणि स्प्लिट पिन, त्यावर टोपी, खाली ऑइल सील, बाजूला ग्रीस निप्पल. बरेच जण इथं साधा पाइपात पाइप किंवा गेटची बिजागरी लावतात, सुरुवातीला ठीक चालतं पण बुश झिजला की 100 मिमीच्या अंतरात नुसती अर्धा मिमी ढिलाई आली तरी 1.1 मीटरवरच्या टोकाला साडेपाच मिमी लोंबतं, मग लॅच लागत नाही. टेपर बेअरिंगला ढिलाई आली तर नट जरा आवळला की काम संपलं.

स्पिंडल बंपरला जोडताना पाइपच्या वरच्या पत्र्याला नुसता चिकटवायचा नाही. वरनं खालपर्यंत आरपार भोक पाडून घातला आणि दोन्ही पत्र्यांना गोल वेल्ड मारलं, वर एक 8 मिमीची प्लेट. ईएन-8 मधे कार्बन 0.35 ते 0.45 टक्के असतो, थंड बारवर सरळ वेल्ड मारलं तर कडेला कडक होऊन तडा जायची शक्यता असते, म्हणून वेल्डरनं आधी गॅसनं तापवून घेतला, 7018 नंबरची सुकी वेल्डिंग रॉड वापरली, आणि झाल्यावर पाणी न मारता राखेत दाबून हळूहळू गार होऊ दिला. वेल्ड आखडलं की स्पिंडल एका बाजूला ओढला जातो, त्यामुळं चार ठिकाणी टॅक (वेल्डचे छोटे ठिपके), मग समोरासमोर थोडं थोडं, दर वेळी गुण्या लावून बघायचं. स्पिंडल ओळंब्यात नसेल तर सपाट जागेवरही हात आपोआप उघडतो नाहीतर मिटतो.

वेल्डिंग सगळं बाकावर केलं, गाडीवर नाही. जिप्सीची पेट्रोलची टाकी मागच्याच बाजूला आहे, तिथं ठिणगी नको. गाडीवर फक्त मापं घेतली. ज्यांना गाडीवर टॅक मारल्याशिवाय गत्यंतरच नाही त्यांनी निदान टाकी उतरवून दूर न्यावी आणि बॅटरीची निगेटिव्ह सोडावी, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) असलेल्या गाडीला तर ते हवंच.

बंपर चेसिसला 12 मिमीच्या 8.8 ग्रेडच्या बोल्टांनी धरलाय. चेसिस पोकळ बॉक्सची आहे, नुसते बोल्ट आवळले की पत्रा आत दबतो आणि थोड्या दिवसात बोल्ट ढिले, त्यामुळं आत पाइपचे डिस्टन्स पीस घातले, बोल्ट त्यांच्यावर आवळतो. चेसिसला कुठंही वेल्ड नाही.

आता टेकू आणि लॅच, यावर सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तो वसूल झाला. बंपरवर लॅचच्या टोकाला उताराची एक गादी केली, वर नायलॉनचा तुकडा काउंटरसंक (डोकं आत बुडणाऱ्या) स्क्रूनं बसवलेला. हात मिटताना शेवटच्या 30-40 मिमीत त्या उतारावर चढतो आणि 2-3 मिमी उचलला जातो, म्हणजे मिटताना वजन गादीवर आलंय हे डोळ्यांनी दिसतं. दोन्ही बाजूला छोटे कान, आडवं हलू नये म्हणून. लॅचला टॉगल क्लॅम्प, फिक्स्चरला वापरतात तसला हुकवाला, कोणत्याही टूलरूमच्या दुकानात मिळतो. तो हाताला गाडीच्या दिशेनं ओढून एका जाड रबरी बफरवर दाबून धरतो, त्या दाबामुळं खडखड नाही. क्लॅम्पच्या हँडलला भोक पाडून त्यात आर-क्लिप (तारेची अडकवायची पिन), रात्री कुलूप. क्लॅम्प कितीही चांगला असला तरी ती क्लिप हवीच, कारण धावत्या गाडीतनं हात उघडला तर मागनं येणाऱ्या दुचाकीवाल्याचं काय होईल हा विचार मनातनं जात नाही.

उघडा हात अडवायची सोय लोक विसरतात. गगनबावड्याच्या घाटात गाडी चढाला उभी असली आणि तुम्ही मागनं सामान काढताय, तर 27 किलो टायर आणि 10 किलो लोखंड परत तुमच्या अंगावर येणार. म्हणून 25 बाय 6 ची पट्टी, तिला खाचा, आणि स्प्रिंगची पिन, हात उघडला की आपोआप खाचेत पडते.

टायरची प्लेट 8 मिमीची, साडेपाच इंच पीसीडीवर (बोल्ट ज्या वर्तुळावर येतात त्याचा व्यास) तीन स्टड, नट चाकाचेच, म्हणजे वेगळा पान्हा लागत नाही. उंची ठरवताना टायर हातानं धरून दोघंजण उभे राहिलो आणि तिसरा आरशात बघत होता. जास्त वर घेतला तर मागचं दिसत नाही, खाली घेतला तर नाल्यातनं बाहेर पडताना टायरच आधी टेकतो. मी खालची कड बंपरच्या खालच्या कडेच्या थोडी वर ठेवली. दाराला आणि टायरला मधे चार बोटं जागा.

मोठ्या टायरमागं नंबर प्लेट आणि दिवे झाकले जातात. प्लेट हातावर आणली, तिच्यावरचा दिवाही आणला, वायर स्पिंडलपाशी मोठा लूप ठेवून रबरी ग्रोमेटमधनं काढली. कायद्याचंही स्पष्ट सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनमधे मनानं बदल करू देत नाही, 2019 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानंही तेच ठामपणे सांगितलंय, आणि टायरच्या साईजलाही ते लागू होतं. त्यामुळं लोखंड घ्यायच्या आधी आपल्या आरटीओत आणि विमावाल्याकडं विचारा. माझं सगळं बोल्टवर आहे, मूळ बंपर आणि दारावरचा ब्रॅकेट तेल लावून माळ्यावर ठेवलाय, एका दुपारी गाडी पूर्ववत होते.

रंगाच्या आधी प्रत्येक बंद पाइपला खालनं 6 मिमीची भोकं पाडली. आपल्याकडच्या पावसात पाणी आत जातंच, बाहेर यायला वाट पाहिजे. गॅल्व्हनाइज करणार असाल तर ही भोकं नसताना पाइप हॉट-डिपला द्यायचाच नाही, आतली हवा आणि ओल तापून पाइप फुटतो आणि तिथल्या माणसाच्या जिवाशी येतं. मी पावडर कोटिंग केलं, बेअरिंग काढून, बोर आणि आटे टेप लावून झाकून.

बसवल्यावर हात उघडून टायरवर मी स्वतः उभा राहिलो, मामांनी टोकाला स्केल धरली, उतरल्यावर टोक होतं तिथंच परत आलं. मग राधानगरीच्या रस्त्याला एक मोठी चक्कर मारून आल्यावर सगळे बोल्ट परत पान्ह्यानं बघितले, डिस्टन्स पीस बसतात तेव्हा पहिल्यांदा थोडं आवळायला मिळतंच. बेअरिंगचा नट हबसारखाच, आवळायचा, हात फिरवायचा, किंचित सोडायचा, पिन घालायची. दार आता एका बोटानं उघडतं.

टायर धरून मागं 50 किलोच्या वर वजन गेलंय, त्यातलं टायरचं आधीही दारावर होतंच, पण आता ते थोडं अजून मागं सरकलंय. पाण्याचे कॅन आणि सामान भरून, सपाट जागी उभी करून, मागच्या दोन्ही चाकांच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतची उंची लिहून ठेवतोय. 20 मिमीपेक्षा जास्त बसली तर मागच्या पाट्यात एक पाटा वाढवणार.