म्यानमारच्या निर्वासितांसाठी गोव्यातून मदत: गाडं कुठे अडतं

ऑक्टोबर 2016 मध्ये ब्रिक्स-बिमस्टेक या देशगटांच्या बैठकीला म्यानमारच्या नेत्या आँग सान स्यू ची गोव्यात आल्या, तेव्हा म्यानमारची लोकशाही रुळावर आली असा सर्वांचाच समज होता. मेख मात्र 2008 च्या घटनेतच होती. संसदेतल्या 25 टक्के जागा लष्कराच्या आणि मुख्य कलमं बदलायला 75 टक्क्यांहून जास्त मतं हवीत. म्हणजे लष्कराच्या मर्जीशिवाय पान हलायचं नाही. 2019 मध्ये त्याच स्यू ची रोहिंग्या मुस्लिमांवरच्या अत्याचारांच्या खटल्यात आपल्या देशाची बाजू मांडायला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेल्या, आणि 1 फेब्रुवारी 2021 ला लष्कराने त्यांनाच कैदेत टाकलं.

जून 2021 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत सत्तापालटाचा निषेध करणारा ठराव 119 मतांनी संमत झाला. विरोधात एकटा बेलारूस. तटस्थ 36, त्यांत भारत. 1,643 किलोमीटरची सरहद्द असलेला शेजारी तोलूनमापून बोलणार, हे समजण्यासारखं आहे. पण त्या ठरावाने सरहद्दीवरची तिआऊ नदी ओलांडून मिझोराममध्ये आलेल्या, म्यानमारच्या चिन जमातीतल्या कुटुंबाच्या चुलीवर काही शिजत नाही.

तिथे खरं काम मिझो लोकांनी केलं. चिन त्यांचे भाऊबंदच. मार्च 2021 मध्ये केंद्राने घुसखोरी रोखा असं पत्र पाठवलं, तरी राज्याने दार लावलं नाही. निर्वासितांच्या मुलांना सरकारी शाळांत घेतलं. भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळे न्यायालयातही घटनेचं कलम 21, म्हणजे जगण्याचा हक्क, हाच आधार. मानवी हक्कांच्या वकील नंदिता हक्सर यांच्या याचिकेवर मणिपूर उच्च न्यायालयाने मे 2021 मध्ये याच कलमावर बोट ठेवून सात जणांना दिल्लीतल्या संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयापर्यंत जाऊ दिलं.

आता पैशांचं. गोव्यात समिती काढून मिझोरामच्या चंफाई जिल्ह्याकडे मदत पाठवायची म्हटलं की पहिली ठेच पासपोर्टाची लागते. पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेला, इंग्लंडमधल्या स्विंडनचा मावसभाऊ विदेशी देणग्यांच्या कायद्याच्या (एफसीआरए) लेखी परदेशी स्रोत. ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड, असलं तरी तेच. तो सुट्टीत म्हापशाला येऊन रुपयांत देणगी देवो, ती विदेशी देणगीच. त्याने बहिणीला दिले आणि बहिणीने समितीला, तरी शिक्का पुसत नाही. दुबईत नोकरी करणारा, भारतीय पासपोर्टवाला भाऊ मात्र आपल्या बचतीतून बँकेमार्फत बिनधास्त देऊ शकतो. म्हणून पावतीपुस्तकात नागरिकत्वाचा रकाना पहिल्या दिवसापासून ठेवा. नंतर आठवून भरायला गेलात की घोळ झालाच.

विदेशी पैसा घ्यायचाच असेल तर एफसीआरए नोंदणी किंवा त्या कामापुरती पूर्वपरवानगी लागते. रक्कम आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते आणि प्रशासकीय खर्च 20 टक्क्यांच्या आत राखावा लागतो. 2020 च्या दुरुस्तीनंतर तो पैसा दुसऱ्या संस्थेला, तीही नोंदणीकृत असली तरी, देता येत नाही. इथे बरेच फसतात: गोव्यात गोळा करून मिझोरामच्या संस्थेकडे वळता करू, हा बेतच मुळात बेकायदा. नोंदणी नसेल तर फक्त भारतीय नागरिकांचे पैसे घ्या. ते मिझोरामच्या संस्थेला देता येतात. स्वतः मिझोरामला जायचं झाल्यास राज्यात शिरण्याचा परवाना, म्हणजे इनर लाइन परमिट, लागेल. लेंगपुई विमानतळावर उतरल्यावरही मिळतं.

आणि खासदारांकरवी संसदेत प्रश्न विचारायचा असेल तर? गोव्याचे लोकसभेत दोन, राज्यसभेत एक. लोकसभेतल्या प्रश्नाची सूचना किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते, म्हणजे अधिवेशन ऐन भरात असताना निवेदन घेऊन जाण्यात हशील नाही. प्रश्न छोटा, एकाच मंत्रालयाचा ठेवा. सीमाबंदोबस्त गृह खात्याकडे, म्यानमारशी बोलणी परराष्ट्र खात्याकडे. दोन्ही एकाच प्रश्नात कोंबलं की तो नाकारला जायला निमित्त मिळतं. ‘सरकार काय करत आहे’ असं मोघम विचारण्यापेक्षा निर्वासितांची जिल्हावार संख्या आणि केंद्राने राज्याला दिलेली रक्कम वर्षवार मागा.