रेंजवर सरळ, कोर्सवर वाकडा: सराव आणि राउंड यांचा मेळ

गोल्फमध्ये ग्रिप (क्लबची, म्हणजे काठीची पकड), स्टान्स (उभं राहण्याची पद्धत), स्विंग (क्लब फिरवणं) हे सगळं प्रशिक्षकाकडे शिकून होतं. वेळ लागतो, पण होतं. अडतं ते त्यानंतर. रेंजवर (सरावाच्या मैदानावर) सेव्हन आयर्नने (मध्यम अंतराच्या क्लबने) मारलेले बॉल एकामागून एक सरळ जातात आणि कोर्सवर पहिल्याच होलला बॉल झाडीत शिरतो. स्कोअरकार्डवरचा आकडा महिनोन्‌महिने हलत नाही. या टप्प्यावर मला सगळीकडून एकच सल्ला मिळाला: आणखी बॉल मारा. तो आजही सर्रास दिला जातो आणि मला त्याची आजही चीड येते, कारण अडचण बॉलच्या संख्येत नसतेच.

रेंजवर जमीन सपाट, क्लब तोच, लक्ष्य तेच. पहिला बॉल उजवीकडे गेला की पुढच्याला हात आपोआप दुरुस्ती करतात. पाचव्या बॉलला जमलेली लय तेवढ्या वेळापुरतीच असते. कोर्सवर दुसरा बॉल नाही. दोन फटक्यांमध्ये काही मिनिटं जातात आणि बहुतेक वेळा क्लब बदलतो. बॉल पायांपेक्षा उंचावर असला तर उजव्या हाताने खेळणाऱ्याचा फटका डावीकडे वळतो, खाली असला तर उजवीकडे. त्यात रेंजवरची मॅट (कृत्रिम गवताची चटई) फसवते. क्लब बॉलच्या इंचभर मागे टेकला तरी मॅटवरून घसरत बॉलला लागतो आणि फटका बरा वाटतो. गवतावर तसाच फटका बराच आखूड पडतो. गवताची रेंज मिळत असेल तर मॅट सोडाच.

म्हणून बकेटची, म्हणजे सरावाला घेतलेल्या बॉलची, वाटणी करावी. ६० बॉल असतील तर पहिले २० एकाच दोषावर, एकाच क्लबने. पुढचे २० मारताना सलग दोनदा तोच क्लब घ्यायचा नाही आणि लक्ष्यही बदलायचं. शेवटच्या २० बॉलमध्ये ओळखीचा कोर्स मनात खेळायचा: ड्रायव्हर (सर्वांत लांब फटक्याचा क्लब), मग उरलेल्या अंतराचा आयर्न, मग वेज (जवळच्या उंच फटक्याचा क्लब). प्रत्येक वेळी बॉलच्या मागे जाऊन रेषा बघायची आणि नव्याने उभं राहायचं. दुसऱ्या-तिसऱ्या भागात फटके बिघडतात, तरी तिथून पळू नये. कोर्सवर उपयोगी पडणारी सवय तिथेच लागते.

हे झालं लांब फटक्यांचं. सरावाचा निम्मा वेळ मात्र ग्रीनवर (खळग्याभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) आणि ग्रीनभोवती गेला पाहिजे. पार ७२ मध्ये (१८ होलना मिळून अपेक्षित ७२ फटक्यांमध्ये) दर ग्रीनला दोन पट (बॉल घरंगळवणारे फटके) धरले, तर ३६ फटके पटरचेच होतात. एक मीटरवर पटरच्या डोक्याहून जरा रुंद अंतरावर दोन टी (बॉल ठेवायच्या खुंट्या) रोवून मधून पट मारावेत. दहा मीटरवरून फक्त अंतराचा अंदाज साधावा. तीन बॉल घेऊ नयेत, एकच घ्यावा.

प्रमाणाचं म्हणाल तर स्विंग बदलत असताना एका राउंडला (कोर्सवरच्या पूर्ण खेळाला) दोन-तीन सराव, स्विंग बसला की एकास एक. राउंडमध्ये स्विंग दुरुस्त करायला जाऊ नये. त्या दिवशी बॉल उजवीकडे वळतोय ना, मग नेम डावीकडे धरून खेळावं आणि कार्डावर फेअरवे (ग्रीनकडे नेणारा कापलेल्या गवताचा पट्टा), ग्रीन, पट, पेनल्टी (दंडाचे फटके) अशी नोंद करावी. पुढचा सराव काय करायचा ते या नोंदींवरून ठरतं. तीन पट वारंवार होत असतील तर आधी चिप (ग्रीनजवळून मारलेला छोटा फटका) खळग्यापासून किती लांब राहिली ते पाहावं. दोष बऱ्याचदा पटरचा नसतोच.

सांगायचं राहिलं: राउंडआधीचे वीस-पंचवीस बॉल अंग मोकळं करण्यासाठी असतात, तेव्हा नवं काही करून बघू नये. स्ट्रोक प्लेच्या (एकूण फटके मोजण्याच्या) स्पर्धेत त्या दिवशी राउंडआधी कोर्सवर सराव करता येत नाही. राउंड सुरू असताना, दोन होलच्या मध्ये, खेळ रेंगाळत नसेल तर नुकत्याच संपवलेल्या ग्रीनवर पट किंवा त्याच्या आसपास चिप चालते, बंकरमधून (वाळूच्या खड्ड्यातून) नाही.

आणि हँडिकॅपची (खेळाडूची पातळी दाखवणाऱ्या आकड्याची) घाई नको. हँडिकॅप इंडेक्स शेवटच्या २० राउंडमधल्या सर्वोत्तम ८ वरून निघतो, त्यामुळे सुधारणा कार्डावर आधी दिसते, इंडेक्समध्ये उशिरा.