हाताने चालते, मग बूटला का पडते?

मुंबईत लिनक्स सर्व्हर सांभाळणाऱ्या मंडळींकडून मला हा प्रश्न सारखा येतो: "रीबूट झाला की सर्व्हिस (मागे चालत राहणारा प्रोग्राम) फेल दिसते. लॉगिन करून हाताने स्टार्ट केली की निमूट चालते. मग अडतंय कुठे?" तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सर्व्हिस एनेबल केलेली, म्हणजे बूटला आपोआप सुरू व्हायला लावलेली, आहे ना, ते बघा. नुसतं स्टार्ट केलेलं रीबूटनंतर टिकत नाही. फेल मात्र दिसत असेल तर ती सुरू व्हायला गेली होती आणि पडली, आणि का पडली ते जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या नोंदवहीत, असतं: 'जर्नलसीटीएल -बी -यू' आणि पुढे सर्व्हिसचं नाव. शेवटची ओळ वाचून थांबू नका. 'स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली' हे रडगाणं नंतरचं. रीस्टार्ट लावलेला असेल तर सिस्टिमडी (लिनक्समध्ये सर्व्हिसेस सुरू-बंद करणारा प्रोग्राम) मूळच्या सेटिंगनुसार १० सेकंदांत ५ वेळा प्रयत्न करून हात टेकतो. खरं कारण पहिल्या प्रयत्नाजवळ सापडतं.

एन्जिनएक्स या वेब सर्व्हरचंच बघा. कॉन्फिगमध्ये ठरावीक आयपीवर लिसन लावलेलं असेल, तर बूटला '९९: कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड ॲड्रेस' येतं. तो ॲड्रेस अजून नेटवर्क कार्डावर चढलेलाच नसतो. अपस्ट्रीमला, म्हणजे विनंत्या पुढे ज्याच्याकडे पाठवायच्या त्या सर्व्हरला, होस्टनेम दिलं असेल तर 'होस्ट नॉट फाउंड', कारण डीएनएस (नावावरून आयपी सांगणारी यंत्रणा) अजून उत्तर देत नसतो. तुम्ही लॉगिन करेपर्यंत दोन्ही जागेवर आलेलं असतं. म्हणून हाताने चालते.

यावर बरेच जण युनिटमध्ये, म्हणजे सर्व्हिसच्या सेटिंग फाइलमध्ये, 'आफ्टर' म्हणून नेटवर्क टार्गेट लिहितात. ते पुरत नाही. त्या टार्गेटचा अर्थ नेटवर्क सांभाळणारी यंत्रणा उठली एवढाच, आयपी मिळाला असा नव्हे. हवं ते नेटवर्क-ऑनलाइन टार्गेट, तेही 'आफ्टर' आणि 'वॉन्ट्स' अशा दोन्ही ओळींत. 'आफ्टर' म्हणजे पंगतीतली जागा, 'वॉन्ट्स' म्हणजे आमंत्रण. जागा राखली आणि बोलावलंच नाही, तर पाहुणा येणार कसा? शिवाय तुमच्या नेटवर्क मॅनेजरची वेट-ऑनलाइन सर्व्हिसही एनेबल हवी. या ओळी 'सिस्टिमसीटीएल एडिट'ने घाला. पॅकेजच्या मूळ फाइलमध्ये घातल्यात तर पुढच्या अपडेटला पुसल्या जातील.

स्क्रिप्टमध्ये 'स्लीप ३०' (३० सेकंद थांब) टाकून वेळ मारून नेणं मला अजिबात पटत नाही. डिस्क एखाद्या दिवशी ३५ सेकंद घेते, आणि तो दिवस नेमका महिनाअखेरचा असतो.

दुसरं नेहमीचं दुखणं स्लॅश-रनचं. ती जागा मेमरीत असते, रीबूटला कोरी होते. पीआयडी फाइलसाठी (चालू प्रोसेसचा क्रमांक ठेवणारी फाइल) तिथे हाताने केलेला फोल्डर गेला की सर्व्हिस आपटते. युनिटमध्ये 'रनटाइमडिरेक्टरी' लिहा, फोल्डर दर वेळी आपोआप तयार होईल.

हे सगळं उघडं पडतं ते वीज गेल्यावर. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली, तेव्हा कित्येक महिने रीबूटच न पाहिलेली मशिनं आमच्या ओळखीच्या ऑफिसांत एकदम उठली आणि अर्ध्या सर्व्हिसेस लाल. त्यामुळे युनिटमध्ये हात घातलात की सर्व्हिस रीस्टार्ट करून समाधान मानू नका. शनिवारी रात्री डाउनटाइम मागून घ्या, अख्खा सर्व्हर रीबूट करा आणि लॉगिन केल्यावर कशालाही हात लावण्याआधी 'सिस्टिमसीटीएल --फेल्ड' बघा.